दूधविनायकातलं उदमांजर

काशीत आमच्या दूधविनायक मोहल्ल्यात दिवसा छतांवर माकडांचं राज्य असतं. त्यांच्यापायी चौकावर लोखंडी जाळी, खिडक्यांना जाळी, पापडांच्या वाळवणापाशी काठी घेऊन कुणीतरी राखणीला. तिन्हीसांजेला माकडं झाडांवर निजायला जातात आणि रात्री नऊ-दहाच्या सुमाराला त्याच भिंतींच्या माथ्यावरून दुसरंच एक जनावर चालू लागतं. अंग मांजराच्या बेताचं, वजन दोन ते पाच किलो, पाय आखूड, शेपूट जवळजवळ धडाएवढं लांब. राखट केसांवर पाठीच्या मधोमध तीन गडद पट्टे, कुशीवर ठिपके, तोंडावर काळा मुखवटा. हे उदमांजर. शेजारपाजारचे लोक त्याला कबरबिज्जू म्हणतात आणि नाव घेताना आवाज खाली आणतात.

आमचं घराणं पेशवाईत कोकणातून इथं आलं. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा, दूधविनायक या पट्ट्यात मराठी घरं पुष्कळ. पंचगंगेवरचं बिंदुमाधवाचं आजचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, ब्रह्माघाटावर आंग्र्यांचा वाडा. जुनी घरं चुनारच्या दगडाची आणि लखौरी विटांची, भिंती हात-दीड हात जाड, गल्ल्या अशा अरुंद की एका गच्चीवरून समोरच्या गच्चीवर वाटी देता येते. अशा घरात राहून मी मुलींच्या एका इंटर कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. वर्गात सिंह, हत्ती, कांगारू सगळं शिकवून झालं. डोक्यावरच्या पोटमाळ्यात कोण राहतं हे मात्र अभ्यासक्रमात कधी आलं नाही. निवृत्तीनंतर त्याच्याकडे बघायला फुरसत मिळाली आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

मला सांगायचंय ते असं. उदमांजर हे झाडाच्या ढोलीतलं जनावर आहे. त्याला जगायला दिवसा दडायला ढोली लागते आणि बारा महिने कसलं ना कसलं फळ लागतं. या दोन गोष्टी मिळतील तिथं ते राहतं, मग ते नेपाळातल्या चितवनचं सालाचं अरण्य असो, कोकणातली माडाची वाडी असो, की विटा-दगडांनी गच्च भरलेला आमचा मोहल्ला असो. यातली ढोली ही गोष्ट आपण हिशेबात धरत नाही. झाडं किती लावली ते मोजतो. म्हातारी झाडं किती उरली ते मोजत नाही.

नावात मांजर असलं तरी त्याचं कूळ वेगळं, गंधमार्जारांचं. मांजर बोटांवर चालतं. हे जनावर अख्खा तळवा टेकून चालतं. तळवे बिनकेसांचे, त्यामुळे गुळगुळीत दगडावरही पाय घट्ट बसतो. नख्या अर्ध्या आत ओढता येतात. आमच्या मागच्या भिंतीवरून पावसाच्या पाण्याचा बिडाचा नळ खाली आलाय, त्यावरून ते चारही पायांनी मिठी मारत असं सरसर चढतं की बघत राहावं. शेपटीने ते काही धरत नाही, तोल सांभाळायला मात्र ती कामी येते. शेपटीखाली नर-मादी दोघांनाही गंधग्रंथी असतात. त्या बाहेरून वृषणांसारख्या दिसल्याने पॅलस या निसर्गशास्त्रज्ञाने १७७७ मध्ये या जातीचं शास्त्रीय नाव ठेवताना तिला उभयलिंगी ठरवून टाकलं आणि ती चूक नावात कायमची राहिली. नर आणि मादी अर्थातच वेगळे असतात. या ग्रंथींचा वास मला तरी कधी वाईट वाटला नाही. जिन्यात रात्री शिजत्या आंबेमोहोरासारखा मंद वास आला, की समजायचं, स्वारी इथून गेली.

प्राणिशास्त्राच्या वर्गीकरणात ते वाघ-लांडग्यांच्या, म्हणजे मांसभक्षकांच्या गणात बसतं. पोटात मात्र बहुतेक फळं. हे मी पुस्तकातून सांगत नाही. उदमांजराला उघड्या, उंच जागी विष्ठा करायची सवय असते: जंगलात पडलेल्या ओंडक्यावर, खडकावर, आमच्याकडे गच्चीच्या कठड्यावर. घरातले नाक मुरडायचे, पण मी ती चहाच्या जुन्या गाळणीत घेऊन नळाखाली धुऊन पाहू लागले. ज्येष्ठात खिरणीच्या काळ्या चकचकीत बिया निघतात, अखंड, जणू कुणी पुसून ठेवल्यात. आषाढात जांभळाच्या. पिंपळ, वड आणि उंबराच्या बिया खसखशीएवढ्या, त्या जवळजवळ नेहमीच. माघ-फाल्गुनात बोरांच्या आठळ्या. मधून मधून झुरळाचे पंख, कधी उंदराचे केस आणि बारीक हाडं. आमच्या धान्याच्या कोठीला उंदरांचा उपद्रव कमी का, याचंही उत्तर त्या गाळणीत होतं. खिरणीच्या काही बिया मी लस्सीच्या कुल्हडांत माती भरून पेरल्या. खिरणी उगवायला फार आळशी, पावसाळा सरत आला तेव्हा कुठे दोन कुल्हडांत कोंब दिसले.

त्याचं पोट साधं असतं. फळाचा गर पचतो आणि बी काही तासांत जशीच्या तशी बाहेर पडते, तीही मूळ झाडापासून दूर. मोठ्या बियांच्या झाडांना असा वाहक फार मोलाचा, कारण लहान पक्ष्यांच्या चोचीत त्या मावत नाहीत. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात याचा एक भाऊबंद राहतो, तपकिरी उदमांजर, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनतुरैच्या वर्षावनात दिव्या मुडप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा आहार वर्षानुवर्षं तपासला. पन्नासहून अधिक जातींच्या झाडा-वेलींची फळं तो खातो असं त्यातून निघालं. रात्री एकट्याने फिरणारं, कुणाच्या नजरेस न पडणारं हे जनावर जंगल पेरत असतं. कोकणातले वाचक त्याला माडीच्या मडक्यात तोंड घालणारा चोर म्हणून ओळखत असतील. तेही खरंच आहे. ताडामाडाचा रस त्याला आवडतो. कॉफीची पिकली फळंही आवडतात आणि त्याच्या पोटातून आलेल्या बियांच्या महागड्या कॉफीपायी इंडोनेशियात ही जनावरं पिंजऱ्यात कोंडून कॉफीवर पोसली जातात. मला ते वाचूनच अन्न गोड लागेना.

ढोलीचं मोल मला नीट कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या पॉसम या प्राण्यामुळे. माझी भाची मेलबर्नला असते. तिचा एकदा फोन आला, "मावशी, आमच्या छतात पॉसम शिरलाय. रात्रभर धावतो. तू सांगायचीस ना, अगदी तसा." पुढे तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मी तो पाहिला: झुपक्याच्या शेपटीचा, मोठ्या कानांचा, गुलाबी नाकाचा. उदमांजराशी त्याचं रक्ताचं नातं काडीचंही नाही. पॉसम कांगारूच्या गोतातला, पिलू पोटाच्या पिशवीत वाढवणारा. पण निशाचर, झाडावर चढणारा, एकटा, दिवसा ढोलीत झोपणारा आणि ढोली नसेल तर घराच्या छतात शिरणारा. आपल्याकडे उदमांजराने जी जागा धरली, ती तिथे पॉसमने धरली. भाचीच्या नवऱ्याला वाटलं, पिंजरा लावावा आणि लांबच्या रानात सोडून यावं. तिथल्या, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या, नियमांत ते बसत नाही. पकडलेला पॉसम त्याच दिवशी सूर्यास्तानंतर, पकडल्या जागेपासून पन्नास मीटरच्या आत सोडावा लागतो. कारण अनोळखी रानातली प्रत्येक ढोली आधीच कुणाची तरी असते आणि नवखा पॉसम तिथे बहुधा मरतो. तिथले लोक म्हणूनच छताचं भोक बुजवतात आणि अंगणातल्या झाडावर लाकडी खोका टांगतात. मला हा तोडगा फार शहाणपणाचा वाटला.

छतातला पॉसम टिकला, कारण तो पडेल ते खातो आणि मिळेल तिथे राहतो. रानातल्या त्याच्या एका लहानग्या नातेवाइकाचं तसं नाही. लेडबीटरचा पॉसम हा वितीएवढा, शंभर-दीडशे ग्रॅमचा जीव. मेलबर्नच्या ईशान्येला डोंगरांत माउंटन अ‍ॅश नावाच्या निलगिरीची रानं आहेत, तिथे त्याचं घर. भाची मला हीलस्‌व्हिलच्या पुढे ब्लॅक स्पर नावाच्या घाटात घेऊन गेली होती. ती झाडं बघताना मान दुखते. फुलं येणाऱ्या झाडांतल्या जगातल्या सर्वांत उंच जातींपैकी ही एक. तास्मानियात एक झाड शंभर मीटरच्या घरातलं आहे. सरळसोट खोड, खाली नेच्यांची गर्दी, वर कुठेतरी पानं. हा पॉसम बाभळींच्या सालीतून झरणारा रस चाटतो, किडे खातो आणि दिवसा अख्खं कुटुंब एका ढोलीत सालीच्या चिंध्यांची गादी करून एकमेकांना बिलगून झोपतं. कुटुंबाची हद्द मादी राखते.

या जातीची शास्त्रीय नोंद १८६७ मध्ये झाली. १९०९ नंतर तो कुणाला दिसला नाही. १९३९ च्या जानेवारीत व्हिक्टोरियात भयंकर वणवे लागले, रानंच्या रानं जळाली आणि तो संपला असंच लोकांनी धरलं. १९६१ मध्ये मेरिसव्हिलजवळ केम्बरव्हिल इथे एरिक विल्किन्सन यांना तो जिवंत सापडला. गंमत अशी, की त्याच वणव्याने त्याला काही दशकं तारलं होतं. जळालेली म्हातारी झाडं वाळून उभी होती, त्यांच्या पोटात ढोल्या होत्या, आणि भोवती राखेतून बाभळी दाट उगवल्या होत्या. घरही होतं, अन्नही होतं. १९७१ मध्ये व्हिक्टोरियाने त्याला राज्यप्राणी केलं. पण वाळकी झाडं एकेक करून कोसळतात आणि नव्या माउंटन अ‍ॅशमध्ये त्याला चालेल अशी ढोली व्हायला दीडशे वर्षांच्या आसपास लागतात. त्याआधीच लाकडासाठी झाड तोडलं की साखळी तुटते. २००९ च्या फेब्रुवारीतल्या वणव्यांत त्याचं चाळीस टक्क्यांहून अधिक रान पुन्हा जळालं. २०१५ मध्ये तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. १ जानेवारी २०२४ पासून त्या राज्याने सरकारी नैसर्गिक जंगलांतली लाकूडतोड थांबवली. त्या डोंगरांत हिरवाई कमी नाही, झाडं लाखांनी आहेत. तुटवडा आहे तो म्हाताऱ्या, पोकळ झाडांचा.

काशीला परतल्यावर मी आमचं घर या नजरेने पाहिलं. जुन्या लाकडी तुळयांच्या वर दगडी पाट्या, त्यांच्यावर माती-चुना. जिथे पाटी सरकली तिथे हात जाईल एवढी फट. स्वयंपाकघराचं बंद पडलेलं धुराडं. मागच्या खोलीवर पोटमाळा, तिथे आजेसासूबाईंची तांब्याची घंगाळी आणि मोडका पाळणा. समोरच्या घराच्या भिंतीतून पिंपळ निघालाय, त्याच्या मुळांनी विटा बाजूला सारून मनगट जाईल एवढ्या पोकळ्या केल्यात. त्या पिंपळाची बी तिथे पाखरांनी नेली, वटवाघळांनी की उदमांजराने, कोण सांगणार! पण घर म्हातारं होऊ दिलं की ते झाडासारखंच आतून पोकळ होत जातं आणि उदमांजराला एवढंच हवं असतं. आमच्या पोटमाळ्यावर घंगाळ्यामागे एकदा मादी व्यायली. या जातीत दोनेक महिन्यांच्या गर्भानंतर दोन ते पाच पिलं होतात. आम्ही शिडी बाजूला केली आणि त्या खोलीत रात्री दिवा लावायचा नाही असं ठरवलं. पिलांचं बारीक कुंई-कुंई तेवढं ऐकू यायचं. मादी अंधार पडल्यावर जायची, पहाटे काकडआरतीच्या आधी परतायची. पौर्णिमेच्या सुमाराला ती उशिरा निघते असं मला वाटायचं. पुढे वाचलं, की चितवनात या प्राण्यांना रेडिओपट्टे लावून झालेल्या अभ्यासातही चांदण्या रात्री त्यांचा वावर कमी दिसला होता. तिथे त्यांना बिबळ्याची भीती. इथे कुत्र्यांची आणि माणसांची.

फळांचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. स्कंदपुराणातल्या काशीखंडात या नगरीला आनंदवन म्हटलंय आणि ती केवळ स्तुती नव्हे. आजच्या गल्ल्यांच्या जागी तळी होती, बागा होत्या. १८२० च्या दशकात जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने भुयारी नाला काढून मच्छोदरी तळ्याचं पाणी गंगेत सोडलं. रोगराई हटली, जागा मोकळी झाली, आणि पाण्याकाठची दाट झाडी वस्तीखाली गेली. आज मच्छोदरीला एक बाग तेवढी उरली आहे. गंगेच्या या काठाला मोठी झाडं दाटीने राहिली ती काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात, काही मठांत, देवळांच्या चौकांत. देवाच्या पिंपळाला कुणी हात लावत नाही म्हणून आमच्या बाजूला निदान पिंपळ, वड आणि उंबर आहेत. यांचं एक बरं असतं, सगळी झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक संपलं की दुसरं सुरू. दुष्काळात उदमांजराला तेच तारतात. खरं अरण्य पाहायचं तर चंदौली जिल्ह्यात चंद्रप्रभेला जावं लागतं, राजदरी-देवदरीच्या धबधब्यांकडे. १९५७ मध्ये ते अभयारण्य झालं आणि त्याच वर्षी गीरचे सिंह आणून तिथे सोडले. काही वर्षं ते वाढले आणि मग नाहीसे झाले. त्या सिंहांची गोष्ट सगळे सांगतात. मोह, तेंदू आणि बोरीच्या त्या रानात फळं खात हिंडणाऱ्या उदमांजराबद्दल मला तिथे कुणी आपणहून काही बोललं नाही.

मोहल्ल्यातली जुनी घरंही जाताहेत. एकेक वाडा पाडून तिथे यात्रेकरूंसाठी लॉज उभं राहतं. सिमेंटचं सपाट छत, गुळगुळीत फरशा, एकही फट नाही. मालकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पडक्या घरात राहण्याचा त्रास आम्हीच सोसतोय, दर पावसाळ्यात बादल्या मांडतोय. पण एक वाडा पडला की त्यातली पोकळी जाते आणि त्या आठवड्यात वेळी-अवेळी, दिवसाउजेडी, गोंधळलेलं उदमांजर गल्लीत दिसतं. मग आरडाओरडा होतो, पोरं विटा घेऊन धावतात.

ही भीती मला सगळ्यात जास्त सलते. लोक म्हणतात, ते कबर उकरून प्रेतं खातं, पोराला उचलून नेतं. फळं आणि उंदीर खाणारं, दोन-पाच किलोचं, माणूस दिसताच वळचणीला पळणारं जनावर! उकरण्याची ही कीर्ती मुळात दुसऱ्याच प्राण्याची, जमिनीवर बिळं खणणाऱ्या, मध खाणाऱ्या खऱ्या बिज्जूची. ती या झाडावरच्या जिवाला चिकटली. दूधवाल्याला मी एकदा गाळणी आणि बिया दाखवल्या. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्टरनीजी, ये तो हमसे जादा शाकाहारी निकला." करोनाच्या दिवसांत नवी भीती आली, याच्यापासून रोग येतो. चीनमध्ये २००३ च्या सार्सच्या साथीत बाजारातल्या पिंजऱ्यांतल्या गंधमार्जारांत तो विषाणू सापडला होता आणि पुढच्या वर्षी तिथे हजारोंनी ती जनावरं मारली. ती जात वेगळी, आणि विषाणूचं मूळ घर वटवाघळांत होतं असं पुढच्या संशोधनातून निघालं. रानटी जनावरं पकडून, कोंडून, बाजारात एकमेकांवर रचणं हे धोक्याचं. आपल्या पोटमाळ्यावर निजलेलं उदमांजर तुम्ही न शिवाल तर तुमच्या वाटेला जात नाही.

उदमांजराला वन्यजीव संरक्षण कायद्याचं, म्हणजे १९७२ च्या कायद्याचं, संरक्षण आहे. त्याला मारणं, पकडणं, पाळणं हा गुन्हा आहे. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ही जात सध्या धोक्याबाहेर मानली जाते, आणि मुंबई, पुणे, काशीसारख्या शहरांत ती टिकून आहे याचा मला आनंद आहे. तुमच्या माळ्यावर ते आलंच आणि तुम्हाला ते नको असेल, तर घाई करू नका. आधी पिलांचा आवाज येतो का ते दोन-चार रात्री ऐका. येत असेल तर पिलं आईमागून बाहेर हिंडू लागेपर्यंत थांबा. मग फटीपाशी पीठ टाकून ठेवा, म्हणजे पावलं उमटतील, आणि अंधार पडल्यावर ते बाहेर गेल्याची खात्री झाली की तेवढी एक फट बुजवा. दिवसा बुजवली तर ते आत अडकून मरतं. जखमी किंवा आईवेगळं पिलू मिळालं तर दूध पाजत न बसता वन विभागाला कळवा. आणि परसात, देवळाच्या आवारात, सोसायटीत एखादं वाळकं, ढोलीचं झाड कुणाच्या डोक्यावर पडण्याचा धोका नसेल, तर त्याला उभं राहू द्या. फांद्या छाटा, पण खोड ठेवा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला निम्मा सुकलेला उंबर अजून उभा आहे तो मोहल्ल्यातल्या बायकांनी मिळून अर्ज दिला म्हणून.